रिकाम्या जागेसाठी एकोणीस नावं

चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत मनकर्णाला तिच्या नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. नवऱ्यासाठी ती जयाची माय, शेजारणींसाठी मशीनवाली, आणि नळावर बोलाचाली झाली की "थे आमगाववाली". पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती कवडूच्या घरी आली आणि त्याच्या बदल्यांबरोबर गोंदिया, डोंगरगड करत शेवटी चरोद्याला पोचली. सोबत एक लाकडी पेटी, तीन लेकरं आणि पायानं चालवायची शिलाई मशीन. त्या मशीनवर ती बायकांची पोलकी शिवायची, यार्डातल्या माणसांच्या खाकी कपड्यांना ठिगळं लावायची आणि काम करता करता अखंड बोलायची. चालणं असं की तिच्यासोबत सुपेल्याच्या बाजाराला जायचं म्हणजे बाकीच्यांना पळावंच लागे. पण परका माणूस दाराशी आला की हीच बाई दाराआड व्हायची आणि तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

कवडू यार्डात पॉइंट्समन होता. कुठला डबा कुठल्या लाईनीवर घ्यायचा त्याप्रमाणं खटका ओढायचा, झेंडी दाखवायची, आठ तास रुळांमध्ये उभं राहायचं. भिलाईच्या कारखान्याची पहिली भट्टी पेटून तीन वर्षं झाली होती आणि पुढच्या टप्प्याचं बांधकाम जोरात होतं. कोळसा, गिट्टी, यंत्रांची खोकी, सगळं चरोद्याच्या यार्डातून जायचं. दर महिन्याला एखादी नवी लाईन पडायची, क्वार्टरांची नवी रांग उभी राहायची.

बासष्ट सालच्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली. मनकर्णानं पेटीतलं हिरवं लुगडं काढलं, शेजारच्या तीन बायकांना घेतलं आणि यार्डापलीकडच्या शाळेत मत द्यायला गेली. अर्धा तास रांगेत उभी राहिली. टेबलाशी पोचली तेव्हा यादीवाल्या बाबूनं बोट खाली खाली सरकवत नेलं, पान उलटलं, परत मागं आला.

"कवडू तो है," तो म्हणाला. "उसकी घरवाली का नाम नहीं है."

"मी त्याचीच तर बायको आहे," मनकर्णा म्हणाली.

"होगी बाई. पर लिस्ट में नहीं हो."

बरोबरच्या तिघींचंही तेच. चौघी जणी रांगेतून बाहेर आल्या तेव्हा रांगेतले पुरुष त्यांच्याकडं बघत होते. मनकर्णाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला वर्षभरापूर्वीची दुपार लख्ख आठवली. यादीवाला माणूस दाराशी आला होता, वही हातात. घरातल्या बाईचं नाव काय, नवऱ्याचं नाव काय, त्यानं दोनदा विचारलं होतं. कवडू ड्यूटीवर होता. मनकर्णा दाराआडून हसली होती, पदराचं टोक दातांत धरून म्हणाली होती, "आमचे हे आले की त्यायलेच विचारा." नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं, आणि स्वतःचं तरी परक्याला सांगायचं कशाला. त्या माणसाला अजून चाळीस घरं करायची होती. त्यानं दारावरच्या पाटीवरून कवडूचं नाव उतरवलं आणि तो पुढं गेला.

म्हणजे दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतंच. हेच तिला जास्त लागलं. त्या आठवड्यात तिनं मशीन इतक्या जोरानं चालवली की पट्टा दोनदा तुटला.

मार्चमध्ये एके दिवशी ती नरहरीबाबूंचा कोट द्यायला स्टेशनवर गेली. नरहरीबाबू तारबाबू, नागपूरचे, आणि नागपूरचा पेपर रोजच्या गाडीनं मागवणारे कॉलनीतले एकटेच. त्यांच्या खोलीबाहेर कवडू चहा पीत उभा होता आणि दोघांचा वाद रंगात आला होता.

"पाह्य न जयाची माय," कवडू म्हणाला, "आपल्या इथून वकीलसाहेब निवडून आले होते न, त्यायनं जागा सोडली."

"सोडली म्हणजे? आत्ता तर बसले होते."

नरहरीबाबूंनी पेपर खाली ठेवला. त्यांना समजावून सांगायला फार आवडायचं आणि ऐकणारं क्वचितच मिळायचं. "वकीलसाहेब दोन ठिकाणांहून उभे होते. दोन्हीकडं जिंकले. एका माणसाला दोन जागांवर बसता येत नाही. ठरलेल्या दिवसांत एकीचा राजीनामा द्यावाच लागतो. त्यांनी घरची जागा ठेवली, आपली सोडली."

"तेच तर मी म्हणून राहिलो," कवडू म्हणाला. "आता दोन नंबरवाल्याले बसवा न. आमच्या इथी ड्रायव्हर आजारी पडला तर स्पेअरवाला चढते. गाडी काय उभी ठेवतात?"

"अरे, स्पेअरवाल्याला कोणी नको म्हटलेलं नसतं. या दोन नंबरवाल्याला लोकांनी मतं मोजून नको म्हटलंय. नको म्हटलेला माणूस मागच्या दारानं कसा आणायचा?"

"मंग कोण बसवते? भोपाळचे मोठे लोक बसवतीन?"

"कोणीच बसवत नाही. विधानसभा जाहीर करते की जागा खाली झाली. मग दिल्लीहून हुकूम निघतो, आणि फक्त आपल्या भागात परत निवडणूक होते. पहिल्यापासून सगळं. नवे अर्ज, नवा प्रचार, नवं मतदान. पोटनिवडणूक म्हणतात तिला. तोवर खुर्ची रिकामी."

मनकर्णाच्या हातात कोट तसाच राहिला. "म्हणजे मत परत द्यायचं?"

"हो. सगळ्यांनी परत."

"आणि यादी? थे जुनीच का?"

नरहरीबाबूंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "यादी जुनीच. पण मधल्या काळात अर्ज केला तर नाव घालता येतं. दुर्गला निवडणुकीचं दफ्तर आहे, तिथं. मात्र एकदा हुकूम निघाला की यादी बंद. मग कोणी कितीही डोकं आपटा."

"हुकूम कधी निघते?"

"ते दिल्लीवाल्यांनाच ठाऊक. पुढच्या महिन्यात निघेल, नाही तर उद्याही निघेल."

मनकर्णानं कोट त्यांच्या टेबलावर ठेवला आणि चालू लागली. कवडू मागून म्हणाला, "चहा तर घेऊन जा," पण ती तोवर फाटकापाशी पोचली होती.

त्या दुपारी तिनं मशीनला हात लावला नाही. तीन रांगांतली दारं एकेक करून ठोठावली आणि प्रत्येकीला एकच विचारलं, यादीत तुझं नाव आहे का. सिंधुताईचं नव्हतं. सत्यभामेचं नव्हतं. म्हाताऱ्या तुळसाबाईचं नव्हतं, तिच्या मुलाचं होतं. शेवटच्या क्वार्टरमध्ये गुलाब राहायची. ती जवळच्याच गावची छत्तीसगढीन, कारखान्याच्या बांधकामावर चार वर्षं घमेली वाहिलेली, अंगानं दणकट. तिचंही नव्हतं. संध्याकाळी मनकर्णानं कोळशानं भिंतीवर रेघा ओढल्या आणि मोजल्या. तिच्यासकट एकोणीस.

"दुर्गले जाऊन राहिली मी उद्या," तिनं कवडूला सांगितलं.

कवडू जेवता जेवता थांबला. "एका मतासाठी दुर्ग?"

"एकोणीस आहेत. आणि एक असतं तरी गेली असती. त्या दिवशी रांगेतून बाहेर निघाली न मी, तुमी नव्हते तिथं."

कवडूनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "सकाळची गाडी साडेसातले आहे. पासवर जा."

दुर्गच्या दफ्तरात भैयालाल नावाचा कारकून होता. बारीक, घामाघूम, टेबलावर कागदांचे ढीग. मनकर्णा त्याच्यासमोर उभी राहिली आणि आपली हिंदी गोळा करून बोलायला लागली. बोलता बोलता तिला जाणवलं की आपण परक्या माणसाशी बोलतोय आणि मध्ये दार नाही. पण थांबायला वेळ कुठं होता.

भैयालालनं ऐकून घेतलं. "उन्नीस औरतें?" त्यानं विचारलं. मग एकोणीस फॉर्म मोजून दिले. प्रत्येकीचा वेगळा अर्ज. नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, वय, घर. अर्ज भरून झाले की तो स्वतः येऊन प्रत्येकीला समोरासमोर विचारणार, तिनं आपल्या तोंडानं सांगायचं, मगच नाव चढणार. सोमवारी तो चरोद्याला येऊ शकत होता. फक्त सोमवारी.

"पिछली बार भी गया था हमारा आदमी," तो म्हणाला. "औरतें बोलती ही नहीं. नाम पूछो तो हँसती हैं, पति का पूछो तो भाग जाती हैं. आपकी बोलेंगी?"

"बोलेंगी," मनकर्णानं ठासून सांगितलं, आणि परतीच्या गाडीत ते एकोणीस फॉर्म परत परत मोजत बसली. कारण त्या बोलणार कशा, ते तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

रविवारी दुपारी तिच्या क्वार्टरमध्ये एकोणीस जणी दाटीवाटीनं बसल्या. नरहरीबाबूंनी फॉर्म भरून दिले होते, नवऱ्यांना विचारून. आता फक्त सांगायचं होतं. पण नवऱ्याचं नाव सरळ उच्चारायला एकही तयार होईना.

"मी नाही बाप्पा," सिंधुताई म्हणाली. "वीस वर्षांत नाही घेतलं, आता कारकुनापुढं घेऊ?"

"घेतलं नाही कसं," मनकर्णा म्हणाली. "बहिणीच्या लग्नात घेतलं होतंस. अख्ख्या मांडवात ऐकू गेलं."

"थो उखाणा होता."

मनकर्णा एकदम उठून उभी राहिली. इतकी झटक्यात की तुळसाबाईच्या हातातलं पान सांडलं. "मंग उखाण्यात घे. सगळ्या जणी उखाण्यात घ्या. फॉर्मवर कुठं लिहिलं आहे की साधंच सांगायचं? त्याले नाव पाहिजे. आपण नाव देऊ."

मग सत्यभामा खुदकन हसली, आणि त्यानंतर त्या खोलीत जो गलका उठला तो पार तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेला. अंधार पडेपर्यंत नव्या उखाण्यांची जुळवाजुळव चालली. लग्नातले जुने कोणालाच नको होते.

सोमवारी भैयालाल दहाच्या गाडीनं आला. नरहरीबाबूंनी लिंबाखाली टेबल मांडून दिलं होतं. बायका पारावर बसल्या, आणि ड्यूटी नसलेले पुरुष हळूहळू कुंपणाशी जमले. भैयालालनं पहिला फॉर्म उचलला.

"नाम?"

"मनकर्णा." तिनं स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारलं तेव्हा ते तिला कानाला नवं वाटलं.

"पति का नाम?"

तिनं पदर सावरला, एक श्वास घेतला.

"डब्यामागं डबे आले, किती जोडू, किती निवडू,
माझ्या कुंकवाच्या धन्याचं नाव आहे कवडू."

कुंपणापाशी हशा पिकला. कवडू त्या गर्दीत होता. त्यानं मान खाली घातली, पण हसू कानापर्यंत गेलं होतं. भैयालालची लेखणी मात्र हवेतच राहिली. "यह क्या था?"

"नाम था," नरहरीबाबू म्हणाले. "कवडू. लिखिए."

भैयालालनं आपल्या यादीत लिहिलं. मग फॉर्मकडं बघितलं, यादीकडं बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "अगला," तो म्हणाला.

सिंधुताई उठली. तिचा नवरा इंजिनाच्या भट्टीवर कोळसा टाकायचा.

"नळावर घागरींची रांग, माझी घागर आधी लाव,
भट्टीवरच्या माणसाचं मारोतराव नाव."

सत्यभामेनं कमरेवर हात ठेवूनच म्हटलं.

"दुर्गच्या गाडीले गर्दी, अंगाला फुटला घाम,
जागा धरून ठेवतात त्यायचं नाव केवलराम."

प्रत्येकीगणिक कुंपणाशी टाळ्या पडू लागल्या. भैयालाल आता पुढच्या नावाची वाट बघत होता, एखादी अडखळली की मान डोलावून तिला धीर देत होता. गुलाबकडं उखाण्यांची चाल नव्हती, पण नवऱ्याचं नाव न घेण्याची तीच होती. तिनं बराच विचार केला आणि विचारलं, "मंगल के बाद का आथे?"

"बुध," भैयालाल म्हणाला.

"ओकर आगू राम लगा दे."

"बुधराम?"

गुलाबनं पदरानं तोंड झाकलं आणि जोरजोरात मान डोलावली.

शेवटी तुळसाबाई राहिली. तिच्या फॉर्मवरही मुलाला विचारून नवऱ्याचं नाव लिहिलं होतं, पण तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला होता. कोणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं की तिच्यासाठी उखाणा नाही. तुळसाबाई टेबलाशी गेली आणि सरळ भैयालालच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "सोमाजी. लिवा. ज्याच्यापुढं लाजायचं थो माणूस आता नाही, मंग नाव कावून लपवू? आणि त्याच्याआधी माझं लिवा. तुळसाबाई."

भैयालालला मराठी येत नव्हती, पण त्यानं खुर्चीतून किंचित उठून ते नाव लिहिलं.

त्यानंतर वाट बघणं आलं, आणि मनकर्णाला वाट बघणं जमायचं नाही. रोज संध्याकाळी ती स्टेशनवर जायची. "निघाला का हुकूम?" नरहरीबाबू नकाराची मान हलवायचे. हुकूम आपल्या नावांच्या आधी निघाला तर सगळंच पाण्यात, या धास्तीनं तिला घास गोड लागेना. एप्रिलच्या मध्यात भैयालालचं पोस्टकार्ड आलं, एका ओळीचं. एकोणीसच्या एकोणीस नावं चढली होती. आणि त्यानंतर नवव्या दिवशी पेपरात पोटनिवडणुकीची तारीख छापून आली.

उमेदवार तिघे उभे राहिले. एक धानाच्या गिरणीचा मालक, एक शाळामास्तर, एक कामगारांचा पुढारी. जीपवर भोंगे लावून ते भर उन्हात सुपेल्यापासून कोहक्यापर्यंत धूळ उडवत फिरू लागले. एका रविवारी कवडूच्या दारावर थाप पडली. त्यानं दार उघडलं तर बाहेर चार माणसं, हातात दफ्तरातून उतरवून आणलेली यादी.

"मनकर्णाबाई आहेत का?"

कवडू क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिला. "कोण?"

"मनकर्णाबाई. यादीत हेच घर आहे."

"आहे न," कवडू म्हणाला आणि आत वळून, लग्नानंतर पहिल्यांदाच, त्यानं हाक मारली, "मनकर्णा, तुले बोलावून राहिले."

ती बाहेर आली. दाराआड नाही, उंबऱ्यावर. पुढच्या दहा दिवसांत तिघांचीही माणसं येऊन गेली आणि तिघांनाही तिनं एकच उत्तर दिलं की विचार करून सांगू. खरं तर सांगणार ती कोणालाच नव्हती.

मतदान मेच्या अखेरीला होतं. सकाळपासून अंग भाजणारी लू वाहत होती, रुळांवरची हवा पाण्यासारखी हलत होती. बायकांचं ठरलं होतं की पहिल्या पाळीचे नवरे घरी परतले की लेकरं त्यांच्याकडं द्यायची आणि एकत्र निघायचं. एकटीदुकटीनं जायचं नाही. निघेनिघेतो सव्वाचार वाजले. मतदान पाचपर्यंत. शाळा यार्डापलीकडं, चालत वीस मिनिटं. वेळ होता.

रूळ ओलांडायच्या जागी आल्या आणि सगळ्या जणी थबकल्या. समोर कोळशाची मालगाडी उभी होती. इकडून तिकडं, नजर पोचेल तिथवर डबेच डबे. इंजिनाचा धूर पार लांब दिसत होता आणि गाडी हलायचं नाव घेत नव्हती.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. एक जण म्हणाली, "खालून निघू न. दोन डब्यांच्या मधून." दोघी वाकल्यासुद्धा.

"मागं या," मनकर्णा कडाडली. "उभ्या गाडीचा भरवसा नाही. मागच्या साली इथीच एका माणसाचा पाय गेला. कोणी खाली वाकली तर मी मत द्यायले येणार नाही, घरी जाईन."

तेवढ्यात डब्यांच्या कडेनं कवडू येताना दिसला. दुपारची पाळी त्याचीच होती. बगलेत गुंडाळलेल्या झेंड्या, चेहरा कोळशानं काळा. "पुढं लाईन मोकळी नाही," तो म्हणाला. "अर्धा तास हलत नाही हे. मागून जा. शेवटच्या डब्याले वळसा घाला."

"किती डबे आहेत मागं?"

"पस्तीस."

"वाजले किती?"

"चार पस्तीस."

मनकर्णानं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला. "पळा," ती म्हणाली.

आणि एकोणीस जणी पळाल्या. खडीतून, चपला हातात घेऊन, चटके बसले की परत पायात घालून. डावीकडं तापलेले डबे, उजवीकडं मोकळं रान. सिंधुताईचा अंबाडा सुटला. सत्यभामा पडली, उठली, गुडघा न बघता पुढं निघाली. तुळसाबाई दहाव्या डब्यापाशी खाली बसली. "तुमी जा, मी येते मागून," ती धापा टाकत म्हणाली. गुलाब वळली, काही न बोलता पाठमोरी बसली, म्हातारीचे दोन्ही हात आपल्या गळ्यात घेतले आणि तिला पाठीवर घेऊन उभी राहिली. घमेल्यांनी तयार झालेली ती पाठ. ती पळाली नाही, पण थांबलीही नाही.

मनकर्णा डबे मोजत होती. एकवीस, बावीस. घशाला कोरड पडलेली. छातीत भाता चाललेला. आणि या सगळ्यात तिला हसू येत होतं, कशाचं ते तिलाही कळत नव्हतं. तीस. एकतीस. शेवटच्या डब्याच्या पायरीवर गाडीचा गार्ड बसला होता. त्यानं समोरून बायकांची झुंड येताना पाहिली आणि तो घाबरून उभाच राहिला.

"काय झालं? आग लागली का?"

"मत द्यायचं आहे," मनकर्णा पळता पळता म्हणाली आणि त्याच्या डब्यामागून वळली.

शाळेच्या दाराशी मतदान अधिकारी घड्याळ हातात घेऊन उभा होता. रांगेत सातआठ माणसं उरली होती. मनकर्णा रांगेच्या शेपटाला जाऊन लागली, तिच्यामागं एकेक करून बाकीच्या. गुलाब आणि तुळसाबाई अजून फाटकाबाहेर होत्या.

"पाच बज रहे हैं," अधिकारी म्हणाला.

"साहेब, थे दोघी येऊन राहिल्या. दिसून राहिल्या पाहा."

"मेरी घड़ी में तीन मिनट हैं," तो म्हणाला आणि घड्याळाकडं नाही, फाटकाकडं बघत राहिला. गुलाब आत आली, म्हातारीला अलगद खाली उतरवलं आणि तिच्या पुढं उभी राहिली. तुळसाबाई रांगेची शेवटची. पाच वाजले. अधिकाऱ्यानं फाटक लावून घेतलं आणि आपल्या सहीच्या चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली, शेवटच्या माणसापासून पुढं, म्हणजे मध्ये कोणी घुसू नये. तुळसाबाईला एक नंबरची चिठ्ठी मिळाली. जिच्या हातात चिठ्ठी, तिचं मत होणार, कितीही वाजोत. हे ऐकल्यावर बायका तिथंच भिंतीला टेकून फतकल मारून बसल्या आणि शाळेच्या माठातलं पाणी संपवलं.

मनकर्णाचा नंबर आला. तेच टेबल, तीच खिडकी. बाबूनं पुरवणी यादीचं पान काढलं. "मनकरन बाई, पति कवडू?"

तिच्या दारावर येऊन गेलेल्या एका उमेदवाराच्या माणसानं मान वर केली. "इनका नाम तो मनकर्णा है."

"छापताना जराशी अक्षरं पडली असतीन," मनकर्णा म्हणाली. "माझ्यासारखंच धावत आलं आहे थे. पण माणूस हाच आहे."

बाबू हसला, अधिकाऱ्यानं मान डोलावली. तिच्या डाव्या हाताच्या बोटावर शाई लागली, गार गार. कागद हातात आला. पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती एकटी उभी राहिली, आणि इतक्या धावपळीनंतर ती जागा तिला फार शांत वाटली. तिनं तिन्ही चित्रं नीट पाहिली. तिन्ही माणसं दारात आली होती. कोण काय बोललं, ते तिनं मनात परत एकदा तोलून पाहिलं. मग शिक्का उचलला, नेमका चौकटीत दाबला, शाई पसरू नये म्हणून फुंकर मारली, घडी घातली आणि पेटीत टाकली.

बाहेर आली तेव्हा मालगाडी निघून गेली होती. एकोणीस जणी आरामात रूळ ओलांडून घरी आल्या, बोटं एकमेकींना दाखवत, कुणाची शाई जास्त काळी यावर भांडत.

मोजणीच्या दिवशी अर्धी कॉलनी स्टेशनवर होती. दुर्गहून दर तासाला आकडे यायचे आणि नरहरीबाबू खिडकीतून ते वाचून दाखवायचे. मास्तर पुढं, मग गिरणीवाला पुढं, मग परत मास्तर. दुपारी चारच्या सुमाराला शेवटचा आकडा आला. मास्तर दोनशे अकरा मतांनी निवडून आले. रिकामी जागा भरली.

"झालं," कवडू म्हणाला. "तुमच्या एकोणिसायनं काही अडलं नसतं. तू कोणाले दिलं होतं?"

"नाही सांगत."

"मास्तरले?"

"पेटीले," मनकर्णा म्हणाली, आणि कवडूनं त्यानंतर तीनचार दिवस वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारून पाहिलं. तिनं दाद दिली नाही.

मास्तर जूनमध्ये आभार मानायला चरोद्याला आले. हार घालायला बायकांनी तुळसाबाईला पुढं केलं आणि हार घातल्या घातल्या तिनं त्यांना सांगितलं की नळ आणखी एक पाहिजे. मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. नळ यायला सव्वा वर्ष लागलं, मध्ये चार अर्ज आणि मनकर्णाच्या दुर्गच्या सहा फेऱ्या झाल्या. पण आला.

पुढं मनकर्णा तीस वर्षं चरोद्यातच राहिली. सदुसष्टच्या निवडणुकीआधी यादीवाला माणूस कॉलनीत आला तेव्हा ती मशीन झाकून त्याच्याबरोबर तीन दिवस दारोदार फिरली. कोणी दाराआड गेली की ती बाहेरून हाक मारायची, "अव, ये बाहेर. नाव सांग तुझं." आणि बाई बाहेर येईपर्यंत त्या माणसाला पुढं जाऊ द्यायची नाही.